पोटपट्टा, दोन बोटं आणि जर्मन विमा

जर्मनीत राहून इथल्या कागदपत्रांच्या नावाने कितीही बोटं मोडली, तरी एका नियमाला हात जोडावेसे वाटतात. बाळंतपणानंतर पोटाचे आणि पेल्विक फ्लोअरचे (लघवी धरून ठेवणारा तळाचा स्नायूंचा थर) व्यायाम शिकायला इथला सरकारी आरोग्य विमा 10 तासांच्या वर्गाचे पैसे भरतो. र्‍युकबिल्डुंग म्हणतात त्या वर्गाला. साध्या बाळंतपणानंतर साधारण 6 आठवड्यांनी आणि सिझेरियननंतर 8 आठवड्यांनी तो सुरू करायचा. अट अशी, की बाळ नऊ महिन्यांचं व्हायच्या आत संपवायचा. मुदत उलटली की पैसे पदरचे.

त्याआधी पहिल्या आठवड्यांत हेबामे घरी येते. हेबामे म्हणजे शिकलेली, परवानाधारक सुईण. टाके, दूध, गर्भाशय किती आकसलं हे सगळं बघता बघता ती बाळंतिणीच्या बेंबीपाशी बोटं टेकवते आणि पोटाच्या दोन उभ्या स्नायूंमधली फट (डायस्टेसिस) मोजते. हेवा वाटावा तो एवढ्याचाच. बाकी इथलं बाळंतपण काही सुखाचं नाही. दोन-तीन दिवसांत घरी पाठवतात, हातात गरम अळिवाची खीर देणारं कोणी नसतं, लिफ्ट नसेल तर बाळाची गाडी तीन मजले आपणच चढवायची. सव्वा महिन्याला इथले काही जण मागासलेपणा समजतात. पण ही फट आपोआप सगळ्यात जास्त भरते ती पहिल्या 8 आठवड्यांतच, आणि नेमकं तेव्हाच पाण्याची बादली उचलू न देणाऱ्या इंदूरच्या आया-सासवा मला तरी शहाण्या वाटतात.

फट म्हणजे काय, तर बरगड्यांपासून खाली ओटीपोटाच्या तळाच्या हाडापर्यंत पोटावर दोन उभे स्नायू असतात आणि त्यांना मधोमध जोडणारी एक पांढरी पट्टी. गर्भ वाढतो तशी ती पट्टी ताणते, पातळ होते आणि स्नायू बाजूला सरकतात. काही फाटत नाही. शेवटच्या आठवड्यांत जवळजवळ प्रत्येकीला हे होतं, त्यात कोणाच्या आळसाचा प्रश्न नाही. नॉर्वेत 300 पहिलटकरणींवर केलेला एक अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. त्यात बाळंतपणानंतर 6 आठवड्यांनी 60 टक्के जणींना, 6 महिन्यांनी 45 टक्के जणींना आणि वर्षानेही सुमारे 33 टक्के जणींना फट होती. त्याच अभ्यासात फट असलेल्या आणि नसलेल्या बायकांच्या कंबरदुखीत फरक दिसला नाही. म्हणजे प्रत्येक दुखण्याचं खापर या फटीवर फोडू नये.

तपासणी घरीही होते. उताणं झोपा, गुडघे मुडपून तळवे जमिनीवर. बोटं आडवी नव्हे, पायांकडे टोकं करून उभी दाबायची, म्हणजे दोन्ही स्नायूंच्या कडांमध्ये किती बोटं मावतात ते कळतं. श्वास सोडत डोकं आणि खांदे जरासे उचला. कडा बोटांना दोन्हीकडून येऊन भिडतील. बेंबीवर, तिच्या चार-पाच सेंटीमीटर वर आणि तेवढंच खाली, अशा तीन जागी बघा. दोन बोटांपेक्षा जास्त जागा असेल तर फट धरायची. पण रुंदीइतकीच खोलीही बघायची. बोटांखाली पट्टी ताठ लागत असेल तर अडीच बोटं रुंदीही फार त्रासाची नसते. बोटं मऊ मऊ आत जात राहिली तर मात्र काम बाकी आहे. डोकं फार वर उचललं की फट प्रत्यक्षापेक्षा लहान वाटते, त्यामुळे खांद्याची पाती जमिनीवरून सुटतील इतपतच उचला.

आता पट्टा. इंदूरच्या दवा बाजारातून आणलेला इलॅस्टिकचा असो की आजीच्या जुन्या सुती साडीचा, तिथल्या रामबागेतल्या घरात बाळंतिणीचं पोट मोकळं ठेवणं अजून पाप आहे. "घट्ट बांध, नाहीतर पोट सुटेल" हे मालिशवाली बाई सांगते, शेजारच्या काकू सांगतात. पट्ट्याने फट भरत नाही. पोटाला वर श्वासपटल आणि खाली पेल्विक फ्लोअर असतो. मध्ये आवळलं की मधोमध दाबलेल्या टूथपेस्टच्या नळीसारखा दाब खाली जातो, आणि खालचा थर तर नुकताच बाळंतपणातून गेलेला. शिंकताना लघवी सुटणं, खाली जड जड वाटणं, क्वचित अंग बाहेर येणं, याला अतिघट्ट पट्टा हातभार लावू शकतो. वर दिवसभर आयता आधार मिळाला की आतला स्नायू आपलं काम विसरू शकतो.

तरी पट्टा फेकून द्या असं मी म्हणणार नाही. सिझेरियननंतर पहिले काही दिवस उठताना, खोकताना त्याने खरंच बरं वाटतं. चालताना दोन-तीन तास बांधा, झोपताना काढा. सुरुवात कमरेच्या हाडापासून, खालून वर. आत हात सहज गेला पाहिजे आणि पूर्ण श्वास घेता आला पाहिजे. बरगड्यांखाली आवळून बांधलेला पट्टा सगळ्यात वाईट.

व्यायाम अगदी साधा आहे, आणि त्यामुळेच कोणाला तो व्यायाम वाटत नाही. पहिल्याच आठवड्यापासून पलंगावर झोपून करता येतो, सिझेरियन असेल तर डॉक्टरांना विचारून. गुडघे मुडपून झोपा, श्वास घेताना पोट सैल फुगू द्या. श्वास सोडताना लघवी रोखतो तसं खालून वर उचला आणि बेंबीखालचा भाग हलकेच आत घ्या. पाच सेकंद धरा, सोडा. असं 8 ते 10 वेळा, दिवसातून दोनदा-तीनदा. धरताना श्वास कोंडला, नितंब आवळले किंवा वरचं पोट बरगड्यांत खेचलं तर ते चुकलं. हे जमलं की श्वास सोडत एक टाच सरकवून पाय लांब करायचा, मग परत. त्यानंतर एकेक पाय उचलणं. मधोमध उभा उंचवटा दिसला की एक पायरी मागे या. नौकासन, दोन्ही पाय एकदम उचलणं, सिट-अप्स आणि कपालभाती एवढ्यासाठीच सुरुवातीला नको. कायमची बंदी नाही, उंचवटा न येता जमायला लागलं की हळूहळू सुरू करा.

पलंगावरून उठताना आधी कुशीवर वळा, मग हाताने रेटून बसा. बाळ उचलताना श्वास सोडा. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथण्याने दिवसभराची मेहनत वाया जाते. डिंकाच्या लाडवाबरोबर पाणीही भरपूर हवं.

बेंबीपाशी गाठ येऊन आत जात नसेल, दुखत असेल, सोबत उलटी होत असेल तर तो हर्निया अडकलेला असू शकतो. तेव्हा व्यायाम नाही, ताबडतोब सर्जन. ऑपरेशनने फट शिवता येते, पण पुढचं मूल हवं असेल तर आधी करू नये, पुन्हा ताण पडतो. आणि इंदुरात फिजिओथेरपिस्टकडे जाल तेव्हा नुसतं "पोट सुटलंय" म्हणू नका, नाहीतर वजन कमी करायचा तक्ता हातात पडेल. "डायस्टेसिस तपासा, डोकं उचलायला लावून तीन जागी मोजा" असं सांगा, आणि आकडे तारखेसह लिहून घ्या. दीड महिन्याने तुलना करायला तेच लागतात.