बॅरन बेट: उतरायला मिळेल, असे सांगणाऱ्याला पैसे देऊ नका

इंदूरच्या मराठी मंडळींमध्ये अंदमानच्या सहलीला जोडून ‘जिवंत ज्वालामुखी’ पाहण्याची टूम निघाली आहे, म्हणून आधीच स्पष्ट लिहितो: बॅरन बेटावर पर्यटकांना उतरू दिले जात नाही. आमच्या एजंटाने ‘उतरण्याचा खास परवाना’ म्हणून माणशी वेगळी रक्कम घेतली होती. बोटीवर पाय ठेवल्यावर चालकाने शांतपणे सांगितले की बेटाजवळ जाण्याची परवानगी बोटीच्या नावाने आहे, ती भाड्यातच धरली आहे आणि उतरण्याचा प्रश्नच येत नाही. ती रक्कम शुद्ध लूट होती.

सेल्युलर जेल आणि राधानगरचा किनारा यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. तो भाग सोडतो.

पोर्ट ब्लेअरपासून बेट सुमारे १३८ किलोमीटर ईशान्येला आहे आणि हा सगळा उघडा समुद्र आहे. आम्ही रात्री निघालो. बेटांची ओट संपताच बोट आडवी डोलू लागली, डिझेलचा वास केबिनमध्ये कोंडला आणि धडधाकट माणसेही पहाटेपर्यंत कठड्याला धरून बसली. उलटीची गोळी निघण्यापूर्वीच घ्यावी; एकदा मळमळ सुरू झाली की ती पोटात टिकत नाही. भरपेट खाऊन घराबाहेर पडण्याची आपली इंदुरी सवय या एका रात्रीपुरती सोडावी. मे महिन्यापासून पावसाळा सरेपर्यंत तर हा बेत करूच नये.

उजाडल्यावर जे दिसले, त्याने बरीचशी चीड ओसरली, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो. सुमारे तीन किलोमीटर व्यासाचे काळेभोर बेट, मधोमध राखेचा शंकू आणि त्याच्या तोंडातून निघणारा विरळ धूर. पाण्यावरची उंची जेमतेम साडेतीनशे मीटर असली, तरी हा डोंगर समुद्रतळापासून दोन हजार मीटरांहून अधिक चढत आलेला आहे, म्हणजे आपण पैसे मोजून पाहतो ते केवळ त्याचे टोक असते. येथे भारतीय भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा आपल्याखालचा अवाढव्य तुकडा, पूर्वेकडच्या भूपट्टाखाली घुसतो. खोल गेलेल्या खडकातून सुटणारे पाणी वरच्या प्रावरणाचा (कवचाखालच्या तप्त खडकाच्या थराचा) वितळणबिंदू खाली आणते आणि तयार झालेला शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, वर सरकतो. खोल पाण्यात दाबामुळे वाफेचे स्फोट दबले जातात आणि लाव्हा उशांसारख्या गोळ्यांत थिजून ढीग वाढवतो. शिखर पृष्ठभागाजवळ आले की मात्र पाण्याची एकदम वाफ होऊन राखेचे प्रचंड स्फोट होतात.

नुसत्या राखेची जमीन लाटा धुऊन नेतात. तिच्यावर लाव्हाचे कवच चढले तरच बेट तगते. आइसलंडजवळ १९६३ साली वर आलेले सुर्त्से याच कवचामुळे झिजत का होईना, अजून उभे आहे. टोंगामध्ये २०१४-१५ साली दोन बेटांना जोडून तयार झालेली नवी जमीन जानेवारी २०२२ च्या स्फोटात नाहीशी झाली. आपल्या माळव्याचा काळा पत्थरही लाव्हाचाच, पण तो जमिनीवर भेगांतून पसरलेला, म्हणून पठारासारखा सपाट. असा शंकू आपल्याकडे शोधून सापडणार नाही.

बॅरनचा पहिला नोंदलेला उद्रेक १७८७ चा. १८३२ नंतर तो दीडशेहून अधिक वर्षे शांत होता आणि १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला. त्यामुळे धूर दिसेलच, अशी हमी देणाऱ्यावरही विश्वास ठेवू नये.

बोट ठरवताना एक अट लेखी घ्यावी: बेटाला पश्चिमेकडून वळसा घातला पाहिजे. जुन्या विवराची भिंत त्याच बाजूला फुटली आहे, त्यामुळे शंकू आणि समुद्रापर्यंत उतरलेला लाव्हा तेथूनच नीट दिसतो. इतर बाजूंनी नुसती भिंत दिसते. सकाळी तेथून सूर्य समोर येतो, छायाचित्रे काळी पडतात. तेव्हा कॅमेऱ्यासाठी जाणाऱ्यांनी ऊन वर चढेपर्यंत बोट थांबवण्याचे भाडे आधीच ठरवून घ्यावे.