आल्प्समधली स्की-सहल: सगळे जेवायला कुठे भेटणार?

स्कीच्या सहलीसाठी ठिकाण निवडताना बहुतेक जण आधी उतारांची एकूण लांबी बघतात. फ्रान्समधल्या त्रुआ व्हाले भागात एकमेकांना जोडलेले ६०० किलोमीटर उतार आहेत, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत स्की करणाऱ्यांना ती पर्वणीच आहे. पण नवशिक्याचे पहिले काही दिवस जेमतेम काहीशे मीटर लांबीच्या, जवळजवळ सपाट तुकड्यावर जातात. त्याच्यासाठी त्या ६०० किलोमीटरचा उपयोग शून्य.

आमच्या घरात तर प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. वहिनी लग्नाआधीपासून स्की करते, काळे म्हणजे सर्वांत अवघड उतारही तिला चालतात. दादा कधी स्कीवर उभाही राहिलेला नव्हता. मी आणि नवरा सोप्या, निळ्या उतारांवर मजेत असतो, मधला लाल उतार आला की जपून. भाचरं शाळकरी वयाची, भीती नावाची गोष्ट ठाऊक नसलेली. आणि आई सत्तरी ओलांडलेली. तिला स्की करायचं नव्हतं, पण बर्फ बघायचा होता, डोंगर बघायचे होते आणि मुख्य म्हणजे आमच्याबरोबर असायचं होतं. ‘तुम्ही दिवसभर वर जाणार आणि मी हॉटेलच्या खोलीत बसून खिडकीतून बघणार, असं असेल तर मी येत नाही,’ असं तिने आधीच सांगून टाकलं.

म्हणून प्रत्येक ठिकाणाला मी एकच प्रश्न लावला: दुपारी आम्ही सगळे एका टेबलावर जेवायला भेटू शकू का? साधा वाटतो, पण या एका प्रश्नाने निम्मी यादी गळते. नवशिक्याला आणि स्की न करणाऱ्याला तिथवर चढून जाता आलं पाहिजे, आणि स्की न करता खालीही येता आलं पाहिजे. पुष्कळ खुर्चीच्या लिफ्टवर पायी माणसाला खाली आणत नाहीत. काही गावांत शिकाऊ उतार एका टोकाला आणि मोठा डोंगर दुसऱ्या टोकाला असतो, मधे बस. अशा जागी पहिल्याच दिवशी घराचे तीन तुकडे होतात आणि भेट होते ती थेट रात्री, सगळे दमलेले असताना.

शेवटी ठरलं स्वित्झर्लंडमधलं वेंगेन. १२७४ मीटर उंचीवरचं गाव, जिथे गाडी जात नाही. गाडी खाली लाउटरब्रुनेनला ठेवायची आणि दातेरी रुळांच्या रेल्वेने वर यायचं. ही वेंगर्नआल्प रेल्वे १८९३ पासून चालते आणि हिवाळ्यात ती चक्क स्कीची लिफ्ट म्हणून वापरली जाते. डब्यात स्की घेऊन बसलेली माणसं, त्यांच्या शेजारी स्वेटर घातलेल्या आजीबाई, बाबागाड्या, सगळं एकत्र. ही रेल्वे वेंगेनहून २०६१ मीटरवरच्या क्लाइने शायडेक या खिंडीत पोचते, आणि डोंगराच्या पलीकडून ग्रिंडेलवाल्डची गाडीही तिथेच येते. समोर आयगर, म्योंख आणि युंगफ्राऊ ही शिखरं ओळीने उभी. चारी बाजूंचे उतार याच खिंडीपाशी एकत्र येतात. आमचं जेवणाचं टेबल सापडलं.

वेंगेनचा शिकाऊ उतार गावाच्या मध्यातच आहे. दादा आणि मुलं तिथे सरकत्या पट्ट्यावरून वर जायची, घसरत खाली यायची, पुन्हा पट्ट्यावर. आई शेजारी उन्हात उभी राहून बघायची. मुलं पहिल्या दुपारीच वळायला लागली. दादाला वेळ लागला. मोठ्या माणसाचं शरीर पडण्याला विरोध करतं आणि वजन मागे टाकतं, नेमकं तिथेच स्की हाताबाहेर जाते. वहिनीने त्याला शिकवायला नको, हे आम्ही घरूनच ठरवून निघालो होतो. नवरा-बायकोने एकमेकांना स्की शिकवू नये असं माझं ठाम मत आहे. स्की-शाळेच्या प्रशिक्षकाने त्याच्याकडून सकाळभर फक्त स्कीची टोकं जुळवून थांबणं घोटून घेतलं. थांबता येतं हे एकदा पायांना कळलं की मग पुढचं सगळं हलकं होतं.

स्की-शाळांचे गटवर्ग बहुतेक ठिकाणी रविवारी किंवा सोमवारी सुरू होतात आणि आठवडाभर तोच गट पुढे जातो. आल्प्समधली बरीच घरं आणि हॉटेलंही शनिवार ते शनिवार अशीच भाड्याने मिळतात. मधल्या वारी पोचलात तर नवशिक्याला चाललेल्या वर्गात घुसावं लागतं किंवा महागडा खासगी प्रशिक्षक घ्यावा लागतो. विमानाचं तिकीट काढण्याआधी स्की-शाळेचं वेळापत्रक बघा, असं मी सगळ्यांना कळकळीने सांगते.

महिना निवडताना आम्ही फेब्रुवारी टाळला. त्या महिन्यात युरोपातल्या शाळांना आळीपाळीने सुट्ट्या लागतात; शिकाऊ उतारांवर पाय ठेवायला जागा नसते आणि भाडी चढतात. नववर्षाची गर्दी ओसरल्यावरचा जानेवारी स्वस्त आणि शांत, पण थंडी कडक आणि दिवस छोटा. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर मला मार्चचा पूर्वार्ध आवडतो. ऊन असतं, बाहेर बसून जेवता येतं. मात्र दुपारनंतर खालचा बर्फ मऊ आणि जड होतो, त्यामुळे नवशिक्याने सकाळचे तास वाया घालवू नयेत. वेंगेन तसं फार उंचावर नाही, हंगामाच्या शेवटी गावातला बर्फ दगा देऊ शकतो. एप्रिलात जायचं असेल तर याहून उंच गाव बघावं.

उतारांच्या रंगांचा गोंधळ वेळीच मिटवलेला बरा. फ्रान्समध्ये हिरवा, निळा, लाल, काळा अशी चढती भाजणी आहे. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियात साधारणपणे निळ्यापासूनच सुरुवात. निळा म्हणजे ढाळ साधारण २५ टक्क्यांपर्यंत, लाल ४० टक्क्यांपर्यंत, त्यापुढे काळा. पण रंग फक्त ढाळ सांगतो. सकाळी मखमली असलेला निळा उतार संध्याकाळी गोठून काचेसारखा होतो, ढग उतरले तर पायाखालचं दिसत नाही. अशा दिवशी आम्ही एक रंग खाली उतरायचो. वहिनीसुद्धा.

वहिनीसाठी इथे लाउबरहॉर्नचा डोंगर आहे. १९३० पासून तिथे शर्यत होते, सुमारे साडेचार किलोमीटरची, विश्वचषकातली सर्वांत लांब डाउनहिल, म्हणजे वेगाने खाली उतरायची शर्यत. २०१३ मध्ये एका स्पर्धकाचा वेग तिथे ताशी १६१.९ किलोमीटर नोंदला गेला. जानेवारीच्या मध्यात शर्यतीच्या दिवसांत गाव माणसांनी फुलून जातं, तेव्हा शिकायला येऊ नये. एरवी त्या वाटेने आपल्यालाही उतरता येतं. वहिनी सकाळी एकटी उतरून आली आणि जेवताना काहीच बोलली नाही, नुसती हसत होती. मग आईने तिच्या ताटात स्वतःचा बटाट्याचा र्‍योश्टी वाढला.

आईचे दिवस कसे जातील याची मला सर्वांत जास्त काळजी होती, आणि तिनेच सर्वांत जास्त जागा पाहिल्या. स्वित्झर्लंडमध्ये बर्फ दाबून तयार केलेल्या हिवाळी पायवाटांना गुलाबी पाट्या असतात. त्या वाटा स्कीच्या उतारांपासून वेगळ्या काढलेल्या असतात. बुटांना लावायचे काटे घालून ती रोज सकाळी फिरून यायची. स्विस ट्रॅव्हल पासवर (पर्यटकांच्या प्रवास-पासवर) वेंगेनपर्यंतची रेल्वे मोफत, त्यामुळे ती माझ्या नवऱ्याबरोबर खालच्या लाउटरब्रुनेनच्या दरीतही जाऊन आली. एक दिवस वारा सुटला, उंचावरच्या बऱ्याच लिफ्ट थांबल्या. रेल्वे मात्र चालू होती, आणि त्या दिवशीही आमचं जेवण ठरल्या जागी झालं. स्की न करणारं माणूस बरोबर असेल तर रुळावरून चढणारा डोंगर निवडा.

सामान भाड्याने घेताना दुकानदार वजन, उंची, वय विचारतो आणि तुम्ही कसं स्की करता तेही. इथे भीड बाळगू नये. त्या उत्तरांवरून बाइंडिंगची, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या खटक्याची पकड ठरते. वजन जास्त सांगितलं किंवा येत नसताना ‘चांगलं येतं’ म्हटलं, तर पडल्यावर बूट सुटत नाही आणि पीळ थेट गुडघ्यात जातो. बुटात एकच मोजा घालायचा, पातळ आणि उंच. दोन घातले तर रक्त दबतं आणि पाय उलट जास्त गारठतात. बूट दुखत असेल तर त्याच संध्याकाळी बदलून आणावा, दुकानं ते आनंदाने करतात.

विमा काढताना त्यात हिवाळी खेळ, हेलिकॉप्टरने सुटका आणि दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई आहे ना, हे वाचून घ्यावं. इटलीच्या उतारांवर ही भरपाईची हमी २०२२ पासून सक्तीची आहे. आखलेल्या उताराबाहेरचा बर्फ अनेक पॉलिसींत धरलेला नसतो. आणि तिथे जायचंच असेल तर प्रशिक्षित गाइड आणि त्या दिवशीचा हिमस्खलनाचा इशारा हवाच. स्वित्झर्लंडमध्ये दावोसची हिमस्खलन-संशोधन संस्था तो १ ते ५ अशा पातळ्यांत देते. संध्याकाळी लिफ्ट बंद झाल्यावर उतारावर रेंगाळू नये. बर्फ सारखा करणारी यंत्रं तेव्हा लांबच लांब तारांना अडकवून चढतात, आणि अंधारात ती तार दिसत नाही.

राहिला लिफ्टचा पास. नवशिक्यासाठी पहिल्याच दिवशी आठवड्याचा पूर्ण पास काढणं म्हणजे पैसे वाया. दादाने आधी फक्त शिकाऊ उताराचं तिकीट घेतलं आणि दुपारी आईबरोबर गाडीने वर येत राहिला. इथल्या स्की-पासात क्लाइने शायडेकपर्यंतची रेल्वे धरलेली असते, त्याहून वरच्या युंगफ्राउयोख स्थानकाचं तिकीट वेगळं. आठवड्याच्या शेवटी प्रशिक्षकानेच सांगितलं की आता वर जा, तेव्हा त्याने एका दिवसाचा पास काढला. क्लाइने शायडेकजवळच्या निळ्या उतारावर तो पुढे, त्याच्या मागे मुलं, आणि मुलांच्या मागे वहिनी, कधी नव्हे इतकी हळू. जेवायला ती मंडळी बरीच उशिरा आली. आईने सगळ्यांसाठी सूप मागवून ठेवलं होतं.