दुरुस्ती स्क्रिप्टमध्येच असावी
आज दुपारभर डेक्कनला एका मैत्रिणीकडे, तिच्या प्रबंधासाठी हवेली तालुक्यात केलेल्या कुटुंब-पाहणीची माहिती आम्ही 'आर' या संख्याशास्त्रीय संगणकभाषेत तपासत बसलो होतो. प्रश्नावलीत 34 असलेले एक वय तक्त्यात 340 पडले होते. तिने 'एडिट' आज्ञेने तक्ता उघडून आकडा बदलला, खिडकी बंद केली, आणि पाहतो तर 340 जागच्या जागी! ही आज्ञा दुरुस्त केलेली प्रत परत देते. ती प्रत एखाद्या नावाने साठवली नाही, तर मूळ तक्ता होता तसाच राहतो. 'फिक्स' आज्ञेने मूळ तक्ताच बदलतो खरा, परंतु कोणता आकडा का बदलला याचा मागमूस उरत नाही, म्हणून मला तीही पसंत नाही. अखेर दुरुस्तीची ओळ कारणासह स्क्रिप्टमध्ये, म्हणजे आज्ञा ओळीने लिहून ठेवलेल्या फाइलमध्ये, लिहिली आणि मूळ फाइलला हात लावला नाही. (मार्गदर्शकांनी विचारले, तर दाखवायला काही हवे ना!) तयार तक्ता 'सेव्ह-आरडीएस' आज्ञेने 'आर'च्याच स्वरूपात जतन केला, कारण सीएसव्हीमध्ये (स्वल्पविरामांनी आकडे वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये) शिक्षणाच्या पातळ्यांचा ठरवून दिलेला क्रम टिकत नाही. बाहेर पडताना 'आर'ने वर्कस्पेस, म्हणजे त्या वेळी स्मृतीत असलेले सगळे तक्ते, जतन करायची का, असे विचारले. आम्ही बिनदिक्कत 'नाही' म्हटले.