शिबिराचा अर्ज, ऑर्क आणि वाया गेलेले पाच आठवडे

इंदूरमधील एका मराठी संस्थेच्या सभागृहात मुलांसाठी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या, काल्पनिक पात्र होऊन फासे टाकत गोष्ट पुढे न्यायच्या खेळाचे चार दिवसांचे शिबिर घेण्याची परवानगी मिळवायला मला सात आठवडे लागले आणि त्यांपैकी पाच आठवडे माझा अर्ज एका शब्दावर आणि एका वाक्यावर अडून बसला होता. शिबिर झाले, मुले खूश होऊन घरी गेली, तरीही हा विषय निघाला की माझा आवाज अजून चढतो, असे घरचे म्हणतात. म्हणून एकदाचे सगळे लिहून काढते.

सभागृहाचे आरक्षण, पालकांची संमतिपत्रे, पाचशे रुपयांची अनामत रक्कम यांत सांगण्यासारखे काही नाही. अडचण आली ती ‘मुलांना देण्यात येणाऱ्या छापील साहित्याची प्रत सोबत जोडावी’ या अटीपाशी. या खेळाची प्रकाशक कंपनी विझर्ड्स ऑफ द कोस्ट हिने २०१४ च्या आवृत्तीचे मूलभूत नियम जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले केले. श्रेयनिर्देश केला की त्यांचा अनुवाद करायला कोणालाही मोकळीक आहे. त्यांतील पात्ररचनेचा भाग मी मराठीत आणला आणि त्यासोबत प्रत्येक मुलाने भरायचे एक पानी पात्रपत्रक तयार केले. आमच्याकडची बरीच मुले घरी मराठी बोलतात, पण वाचतात हिंदी, म्हणून संस्थेच्या सांगण्यावरून या पत्रकाची हिंदी प्रतही टंकलेखकाकडून करून घेतली. ती एकदा डोळ्यांखालून घालण्याचे कष्ट मी घेतले नाहीत, ही माझी पहिली चूक.

दोन आठवड्यांनी कागद परत आले तेव्हा त्यांवर लाल शाईने दोन ठिकाणी खुणा होत्या. पहिली खूण हिंदी पत्रकावर होती. पात्र माणूस आहे, टोकदार कानांचा एल्फ आहे की राक्षसासारखा दणकट ऑर्क, हे लिहायच्या जागी मराठीत मी ‘पात्राचा वंश’ असे लिहिले होते आणि टंकलेखकाने आपल्या बुद्धीने त्याचे ‘पात्र की जाति’ करून टाकले होते. नाव, त्याखाली वय, त्याखाली जाति आणि पुढे रिकामी रेघ, असा तो कागद होता. संस्थेच्या उन्हाळी शिबिरात दहा-बारा वर्षांच्या मुलांना जात विचारली जात आहे, असा त्याचा सरळ अर्थ होत होता आणि सचिव महाशयांचा चेहरा का उतरला, हे मला तेव्हाच समजले. गंमत अशी की मूळ खेळातही नेमका हाच, वंश या अर्थाचा ‘रेस’ हा शब्द बदलून झाला होता. प्रकाशकांनी डिसेंबर २०२२ मध्ये तशी घोषणा केली आणि २०२४ च्या नव्या नियमपुस्तकात जुन्या शब्दाच्या जागी प्रजाती या अर्थाचा शब्द आला. मीही ‘प्रजाती’ लिहून मोकळी झाले. हा शब्द मला अजूनही आवडत नाही, त्याला जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाचा वास येतो; पण अर्जावर साहित्यिक आवडीनिवडी चालवायच्या नसतात.

दुसरी खूण मात्र टंकलेखकावर ढकलता येण्यासारखी नव्हती. हाफ-ऑर्कांना, म्हणजे माणूस आणि ऑर्क यांच्या मुलांना, ऑर्क पालकाकडून बेबंदपणाचा ओढा वारशाने मिळतो, चांगुलपणाकडे त्यांचा फारसा कल नसतो आणि जे ऑर्कांमध्येच वाढून तेथेच राहू इच्छितात ते बहुधा दुष्ट असतात, अशा अर्थाचे वाक्य त्या खुल्या नियमांत होते आणि मी ते प्रामाणिकपणे मराठीत उतरवले होते. समासात एवढेच लिहिले होते: ‘हे मुलांना का शिकवायचे?’

या चार शब्दांना उत्तर देण्यासाठी मी साडेतीन पानी पत्र लिहिले. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ खेळ आला तेव्हा पात्राचा नैतिक कल सांगणाऱ्या नियमनिष्ठ, तटस्थ आणि स्वच्छंद अशा तीनच वृत्ती होत्या. त्या दशकाच्या अखेरीस त्यांना सज्जन-दुर्जन ही दुसरी दिशा जोडली जाऊन नऊ घरांचा तक्ता तयार झाला. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत राक्षसांच्या वृत्तीपुढे ‘नेहमी’, ‘सहसा’, ‘बऱ्याचदा’ अशी मोजमापे लागली. जून २०२० मध्ये प्रकाशकांनी ऑर्क आणि ड्राउ (जमिनीखाली राहणारे एल्फ) यांना इतर लोकांइतकेच गुंतागुंतीचे दाखवू असे जाहीर केले. डिसेंबर २०२१ मध्ये शुद्धिपत्रे काढून जुन्या पुस्तकांतील काही मजकूर वगळला, असे सगळे त्यात होते. ते पत्र मला स्वतःला फार आवडले. कार्यालयात ते आवक क्रमांक घालून फाइलमध्ये लावले गेले आणि तेथेच राहिले. पत्र लिहायचेच असेल तर अर्ध्या पानाचे लिहावे आणि ‘आपण म्हणता तो मजकूर काढला आहे’ हे पहिल्याच ओळीत लिहावे, हे शहाणपण मला फार उशिरा सुचले. माझ्या पत्राच्या पहिल्या ओळीत गायगॅक्स होते.

त्यानंतर दर मंगळवारी सुदामानगरहून स्कूटर काढून कार्यालयात जायचे आणि ‘पुढच्या मंगळवारी’ हे उत्तर घेऊन परतायचे, असा क्रम सुरू झाला. फाइल ज्या सदस्यांच्या अभिप्रायासाठी थांबली होती त्या नातवंडांकडे पुण्याला गेल्या होत्या, हे मला तिसऱ्या मंगळवारी कळले आणि तेही पाणी द्यायला आलेल्या शिपाईकाकांकडून. कार्यालयातील खुर्चीवर बसलेल्या गृहस्थांना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. मी विचारले नाही म्हणून सांगितले नाही, असे त्यांनी मला शांतपणे सांगितले. तेव्हा फाइल ‘प्रक्रियेत’ आहे असे ऐकले की ती नेमकी कोणाच्या घरी आहे, हे त्याच दिवशी विचारून घ्यावे.

त्या बाई परतल्याबरोबर मी त्यांच्या घरी गेले. त्या इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका निघाल्या. भांडायची पूर्ण तयारी करून गेले होते, पण त्यांनी आधी पोहे समोर ठेवले आणि मग विचारले, “१८७१ चा कायदा शिकलीस ना गं शाळेत?” इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, त्यांची नावे नोंदवून पोलिसांकडे हजेरी लावली, १९५२ मध्ये कायदा रद्द झाला आणि त्या जमाती विमुक्त म्हणवल्या गेल्या, तरी पारध्याच्या पोराकडे संशयाने बघायचे गावाने सोडले नाही, असे त्या म्हणाल्या. “तुझ्या कागदावर तेच वाक्य आहे, फक्त नाव ऑर्क आहे.” मी म्हटले, बाई, ही काल्पनिक माणसे आहेत. त्यावर त्या म्हणाल्या की काल्पनिक तर घटोत्कचही आहे, आई राक्षसी आणि बाप पांडव, पण त्याच्याबद्दल व्यासांनी असे वाक्य लिहिले नाही. आणि असुराच्या कुळातल्या बळीचे राज्य येवो, असे तर आपण दर दिवाळीत म्हणतो.

हरकत रास्त आहे, हे मला तेव्हाच पटले. पण ती मला पाच आठवड्यांपूर्वी एका दूरध्वनीवर सांगता आली असती, हेही तितकेच खरे आहे आणि ते मी त्यांना पोहे संपवल्यावर सांगितले. त्या हसल्या. सचिवांनी मात्र हे ऐकून ‘कार्यपद्धती’ हा शब्द दोनदा उच्चारला.

या रखडण्याचा एक फायदा झाला, तो नाइलाजाने नोंदवते. दरम्यान, एप्रिल २०२५ मध्ये, २०२४ च्या आवृत्तीवर बेतलेले नवे मूलभूत नियम त्याच परवान्याखाली खुले झाले. त्यांत ऑर्क ही इतरांसारखीच एक प्रजाती आहे, हाफ-ऑर्क हा वेगळा प्रकार नाही आणि प्रजातीच्या वर्णनात वृत्तीची ओळच नाही. नऊ वृत्ती आहेत, पण त्या पात्राच्या, ज्याने त्याने निवडायच्या. मी दोन रात्री जागून अनुवाद पुन्हा केला आणि पुढच्याच मंगळवारी सही मिळाली. घटोत्कचाच्या गोष्टीनंतर हाफ-ऑर्क यादीतून गेल्याचे मला थोडे वाईट वाटले. दोन घरांचे मूल हा या खेळातला माझा सर्वांत आवडता पात्रप्रकार होता. माझ्या टेबलावर तो अजूनही चालतो.

कोणी असे शिबिर घेणार असेल तर खुल्या नियमांची कोणती आवृत्ती हातात आहे, हे आधी पाहावे, कारण जुनी आवृत्तीही कायदेशीर आहे आणि सहज मिळते. श्रेयनिर्देशाचा मजकूर मूळ दस्तऐवजात दिला आहे तसाच घालावा. ‘स्वच्छंद’ ऐवजी मी आधी ‘अराजक’ लिहिले होते, ते वाचून एका सदस्यांना राजकारण दिसले, तेव्हा तोही शब्द टाळावा. आमच्या गटातील जुन्या खेळाडूंनी मला छळले ते ‘आता मारायचे कोणाला’ या प्रश्नाने. मी टोळी ठेवली, तिच्यात दोन ऑर्क, तीन माणसे आणि एक एल्फ घातले आणि टोळीने धान्याचे कोठार लुटले आहे, एवढे सांगितले. मुलांना लढायला तेवढे कारण पुरले.

वृत्तीची चौकट मी पत्रकावर ठेवली, मात्र ती तिसऱ्या दिवशी भरायची असे सांगितले. आधी भरली की मुले ‘माझे पात्र दुर्जन आहे’ म्हणून सोबत्यांचेच फासे पळवतात, हा अनुभव माझ्या भाच्यांनी मला फुकट दिला होता. तिसऱ्या दिवशी ऑर्क झालेल्या एका मुलीने बराच वेळ विचार करून ‘नियमनिष्ठ’ लिहिले आणि पुढचा शब्द कोरा सोडला. तसे चालते का, असे तिने विचारले. मी चालते म्हणाले.

हो, आणि अनामत रकमेची मूळ पावती जपून ठेवा. माझी त्या फाइलमध्ये लागली आहे, फाइल पुन्हा ‘प्रक्रियेत’ आहे आणि माझे पाचशे रुपये पुढच्या मंगळवारी मिळणार आहेत.