कान्होबाचा हिस्सा

भवानी पेठेत जन्मलेल्या माणसाला वारीला जायची गरज वाटत नाही, कारण वारीच त्याच्या दारी येते. माउलींचा मुक्काम पालखी विठोबाच्या देवळात, तुकोबांचा पलीकडे नाना पेठेत निवडुंग्या विठोबापाशी. ते दोन दिवस आमच्या वाड्यात वारकरी उतरायचे. चौकात भाकऱ्या, माडीवर हरिपाठ, न्हाणीघरापुढे रांग. पालखी निघाली की आम्ही हडपसरपर्यंत चालत पोचवायला जायचो आणि बसने परत. आयुष्यभर माझी वारी एवढीच.

या वर्षी पुढे गेलो त्याचं कारण फारसं धार्मिक नाही. वाडा बिल्डरला द्यायचं दोघा धाकट्या भावांनी ठरवलंय, बहीण हक्कसोड लिहून द्यायला तयार आहे, आणि सही तेवढी माझी राहिलीय. बिल्डरचा माणूस दर आठवड्याला येतो. चांगला मुलगा आहे, पायातले बूट बाहेर काढतो, पाणी मागून पितो, आणि तेच ते विचारतो. त्याला टाळायला दिंडीची भिशी, म्हणजे जेवणाखाणाची वर्गणी, भरली आणि वळकटी ट्रकमध्ये टाकली.

वाड्यापायी बरंच काही राहून गेलं. नागपूरची बढती नाकारली. कोथरूडला स्वस्तात फ्लॅट मिळत होता तेव्हा बायको मागे लागली होती, तोही घेतला नाही. कुणी विचारलं तर ‘आईचं वय झालंय’ म्हणायचो. आई गेली, तेव्हा ‘भाडेकरू आहेत’ म्हणायला लागलो. मला या सगळ्याचा पश्चात्ताप वगैरे होत नाही. साठ वर्षं एकाच चौकटीतून आत-बाहेर करण्याचं सुख मोठं असतं, ज्यांना ते मिळालं नाही त्यांनी त्याला कोतेपणा म्हणावं. फक्त एक आहे: हे सगळं माझ्यापुरतं आहे, असं मी धरून चाललो होतो.

हडपसरला दोन्ही पालख्यांच्या वाटा फुटतात. तुकोबा सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला, माउली दिवे घाटाने सासवडला. बहीण फाट्यावर थालीपीठं घेऊन उभी होती. भाड्याच्या दोन खोल्यांत तिचा संसार, तिथून पहाटे उठून आली असणार. वाड्याबद्दल एक शब्द बोलली नाही. “दादा, मोजे ओले झाले की लगेच बदल,” एवढंच. दिवे घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, तो चढ, तो पाऊस, सगळं टीव्हीवर दिसतं तसंच आहे, म्हणून त्यावर लिहीत नाही. सासवडला पोचेपर्यंत माझे पाय मात्र माझे राहिले नव्हते.

माझी समजूत होती की वारीत माणसं घर विसरतात. तसलं काही नसतं. मुक्कामावर पोचलं की पहिली गर्दी मोबाईल चार्ज करून देणाऱ्या टेबलाभोवती. कुणाची पेरणी झाली का, कुणाच्या पोरीचा निकाल लागला का. आमच्या राहुटीत परभणीकडच्या एक आजी होत्या, त्यांची म्हैस व्यायला झाली होती. जेजुरीत फोन, वाल्ह्यात फोन. नीरेच्या काठी माउलींच्या पादुकांना स्नान चाललेलं, सगळा काठ टाळांनी दुमदुमतोय, आणि या फोनवर विचारतायत, “वैरण कोन टाकलं?”

मी म्हटलं, “आजी, एवढा जीव अडकलाय तर या वर्षी यायचं नव्हतं.”

“जीव अडकतो म्हनून तर यायचं,” त्या म्हणाल्या. “म्या घरी असले की सुनंला चूल बी इचारून पेटवावी लागती. म्या हिकडं आले की ती घरधनीन. म्हस तिच्या हातानं व्याऊ दे की एक डाव.”

हे त्यांनी पायाला तेल चोळता चोळता सांगितलं आणि लगेच झोपल्या. मी जागा.

लोणंदच्या मुक्कामात कीर्तन झालं. बुवांनी अर्जुनाचा मोह घेतला होता, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायातला भ्रमर येणार हे ठरलेलंच. कोरडं लाकूड कोरून आरपार जाणारा तो भुंगा कमळाच्या कोवळ्या कळीत अडकतो. जीव गेला तरी पाकळी चिरत नाही. ‘कठिण कोवळेपणें स्नेह देखा’, माउली म्हणतात. समोरचे म्हातारे माना डोलवत होते. मला वाटलं, भुंग्याचं बरं आहे, त्याच्या कळीत तो एकटाच असतो. आमच्या कळीत तीन भाऊ आणि एक बहीण आहेत, आणि अडकून बसायची हौस एकट्या मला.

बुवा पुढे तुकोबांवर गेले. घरची सावकारी होती, लोकांची कर्जखतं होती. तुकोबांनी ती इंद्रायणीत बुडवायची ठरवली, तेव्हा धाकटा भाऊ कान्होबा म्हणाला, तुम्ही साधू झालात, मला संसार करायचाय. तुकोबांनी खतांचे दोन वाटे केले. निम्मे कान्होबाला दिले आणि आपले तेवढे नदीत सोडले. बुवांचा सगळा भर बुडवण्यावर, वैराग्यावर. ते तसंच सांगायची रीत आहे. पण गोष्टीतला अवघड भाग मला आधीचा वाटला. देवाच्या नावाने सगळीच खतं बुडवली असती तर कोण काय म्हणणार होतं? तरी भावाचा वाटा त्यांनी मोजून बाजूला ठेवला. वाडा न विकणं हेही माझ्या लेखी एक वैराग्यच होतं. पैशाचा मोह नाही म्हणून मी ताठ मानेने वावरत होतो. धाकट्याच्या मुलाची फी, बहिणीच्या दोन खोल्या हे त्या वैराग्यात कुठे बसतं, हे मला कुणी विचारलं नव्हतं. कोण विचारणार? मी दादा.

भाऊबंदकी या वाटेलाही नवी नाही. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 मध्ये तुकोबांच्या आणि माउलींच्या पादुका एकाच पालखीतून पंढरीला नेण्याची प्रथा सुरू केली. पुढे वंशजांत वाद झाले, आणि एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींची पालखी वेगळी काढली, असं सांगतात. हे हैबतबाबा ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी होते. गावाकडे परतताना वाटेत लुटारूंनी पकडलं, सुटले, आणि साताऱ्याकडच्या आपल्या आरफळला जायचं सोडून आळंदीतच राहिले. आज ज्या शिस्तीने लाखो माणसं चालतात ती त्यांनी घालून दिली. घरी गेले असते तर? असा प्रश्न आमच्या विणेकऱ्यांना विचारला. ते म्हणाले, “चला माउली, पाऊल उचला.”

ती शिस्त सगळ्यात चांगली दिसते संध्याकाळी, समाजआरतीत. हजारो टाळ वाजत असतात, चोपदार दंड उंच करतात आणि क्षणात सगळं थांबतं. मग हरवल्या-सापडल्याची यादी वाचली जाते: चष्मा, पाकीट, टाळांचा जोड, आधार कार्ड. एखाद्या दिंडीची तक्रार असली तर ती टाळ थांबवत नाही, वाजवतच राहते. चोपदार तिकडे जातात, ऐकून घेतात, निवाडा होतो, तेव्हाच आरती. तरडगावला एका दिंडीचा टाळ असा बराच वेळ वाजत राहिला. पाण्याच्या टँकरवरून काहीतरी होतं. आमच्या घरात टाळ वाजवायची सोय नाही. सगळे थालीपीठ घेऊन फाट्यावर उभे राहतात.

चांदोबाच्या लिंबापाशी रिंगण पाहिलं. फलटण, बरड, नातेपुते. पायांना आता सवय झाली होती. गंमत म्हणजे राहुटीत दाराजवळची जागा आपोआप ‘माझी’ झाली होती. एका संध्याकाळी तिथे दुसऱ्याच कुणाची तरी पिशवी दिसली, तर मला चक्क राग आला. ताडपत्रीचा तुकडा तो, रोज उपटून पुढच्या गावात ठोकायचा! आजी हसल्या. त्यांची म्हैस माळशिरसला व्याली होती, म्हणजे त्या माळशिरसला असताना. रेडी झाली. सुनेने नावही ठेवून टाकलं होतं, यांना न विचारता. ते नाव आजींना अजिबात पसंत नव्हतं. वाखरीपर्यंत त्यांची कुरकुर चालू होती.

वाखरीहून मी आधी बहिणीला फोन केला. हक्कसोडाचा कागद करू नकोस, तुझा हिस्सा तू घे, असं सांगितलं. ती आधी बोलेचना, मग म्हणाली, “ताप आहे का तुला?” नंतर भावाला लावला. म्हटलं, गोपाळपूरचा काला झाला की येतो, कागद तयार ठेव.

“सही करणार?”

“करीन. पण दाराची चौकट मी घेणार.”

“दादा, ती सहा फूट रुंद आहे. फ्लॅटचं दार साडेतीन फुटांचं असतं.”

“असू दे.”

“लावणार कुठे? कापून बसवायची का?”

“कापायची नाही,” मी म्हटलं, “आणि ते बिल्डरला आजच सांग.”