आधी हूक, मग कुंडी

गॅलरीत पाच टांगत्या फुलदाण्या लावायला मला बावीस दिवस लागले. त्यातले एकवीस छताला हूक बसवण्यात गेले, आणि त्याचा राग अजून उतरलेला नाही.

खरेदी अर्ध्या तासात झाली. कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून मातीच्या तीन कुंड्या आणल्या. उरलेल्या दोन घरीच केल्या, काचेच्या रिकाम्या बाटल्यांना सुती दोरीचं शिंकं विणून. तीन-तीन मीटरच्या चार दोऱ्या कडीत दुमडून घेतल्या की आठ पदर होतात. दोन-दोन पदरांची गाठ, मग चार बोटं खाली शेजारच्या जोड्यांतला एकेक पदर घेऊन पुन्हा गाठ, आणि शेवटी सगळे एकत्र. सासूबाई समोर बसून सांगत होत्या, "अगं, सगळे पदर सारखे ताण, नाहीतर बाटली तोंड फिरवील." त्यांच्या माहेरी दुधालोण्याची मडकी अशीच टांगलेली असत.

मग मिस्त्री. तीनदा "उद्या येतो" झालं. आमच्याकडे ड्रिल फक्त ११ ते १ आणि ४ ते ६ चालतं, त्यामुळे तो साडेसहाला उगवला की तोही दिवस वाया. अखेर वेळेत आला. साधं ड्रिल लावलं, इंचभर आत जाऊन बिट अडकलं. "सळई लागली ताई, एवढं बास," म्हणत त्याने तेवढ्याच भोकात प्लास्टिकची गिट्टी ठोकली, हूक फिरवला, हाताने ओढून दाखवला. मी पैसे दिले. त्याच रात्री कुंडी खाली. हुकाला गिट्टी तशीच चिकटलेली, तिच्यावर प्लॅस्टरची भुकटी. दिवसा माझी चार वर्षांची मुलगी नेमकी तिथेच खेळत बसते.

भिंतीत गिट्टी टिकते, कारण तिथे वजन स्क्रूवर आडवं पडतं. छतात ते तिला सरळ खाली खेचतं. कुंडी ओल्या मातीसकट ताणकाट्याला लावली तर पावणेचार किलो भरली! मिस्त्रीला ते विचारायचंही सुचलं नव्हतं.

दुसरा माणूस मिळायला आणखी नऊ दिवस गेले. तो रोटरी हॅमर, म्हणजे ठोके देत काँक्रीटमध्ये भोक पाडणारं ड्रिल, घेऊन आला. सळई लागली तिथून दोन इंच बाजूला सरकला आणि आवळला की आत फुलणारा लोखंडी फास्टनर हूक बसवला. पंख्याची वायर स्लॅबमधून बटणांकडे जाते, ती रेघ त्याने आधी खडूने आखून घेतली. हे पहिल्याने केलंच नव्हतं. मी त्या हुकाला दहा लिटर पाण्याची बादली रात्रभर टांगली. सकाळी हूक जागचा हललेला नव्हता. इतकं बरं वाटलं की बाकीचे चार त्याच दिवशी करून घेतले.

तुमच्याकडे पीओपीचं छत असेल तर त्याला काहीही टांगू नका, हूक वरच्या स्लॅबमध्येच जायला हवा. आणि कुंडी आणायच्या आधी हूक बसवा, म्हणजे घाईत कुणाचंही "एवढं बास" ऐकावं लागणार नाही.

फुलं ठेवायची असतील तर मातीच्या भांड्याच्या आत स्टीलचा पेला बसवा, नुसती माती पाझरते आणि खाली लादीवर डाग पडतो. बाटल्यांत मनी प्लांट आहे. त्याचं पाणी मी दर रविवारी ओतून देते आणि बाटली आतून घासते, कारण साचलेल्या स्वच्छ पाण्यातही डेंग्यूचा डास अंडी घालतो. शिंक्यातून बाटली काढताना खालची गाठ सोडावी लागत नाही, पदर फाकवले की ती वर निघते.