कंपनी सापडली का?

न्यूयॉर्कमध्ये पहाटेचे तीन वाजले की ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या ‘स्पेलिंग बी’ या इंग्रजी शब्दखेळाचं नवं कोडं उघडतं. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात दीड, म्हणजे नेमकी जेवणाची वेळ. त्यामुळे डाव्या हातात फोन आणि उजवा वरणभातात, अशी वाईट खोड मला लागली आहे. न्यू जर्सीतली ताई तेव्हा गाढ झोपेत असते. ती उठून चहा टाकेपर्यंत मला तीन-चार तासांची आघाडी मिळते आणि तेवढ्या वेळात मी हमखास कुठेतरी रुतून बसलेलो असतो.

खेळ सांगायला सोपा. मधमाशीच्या पोळ्यासारख्या आकृतीत कडेच्या सहा घरांत सहा अक्षरं, मधल्या पिवळ्या घरात सातवं. शब्द किमान चार अक्षरांचा हवा, मधलं अक्षर त्यात आलंच पाहिजे, आणि कुठलंही अक्षर हवं तितक्यांदा वापरायची मुभा. सातही अक्षरं ज्यात येतात तो पॅनग्रॅम. असा निदान एक शब्द रोज असतोच. एस मात्र कधी येत नाही. एस आला की कुठल्याही नामाला शेपूट लावून अनेकवचन करता येतं, मग शोधायचं काय? ही अक्कल जुनी आहे. अक्षरांच्या सोंगट्या जुळवून शब्द करायचा खेळ म्हणजे स्क्रॅबल; तो ज्याने बनवला तो आल्फ्रेड बट्स पेशाने वास्तुरचनाकार. 1930च्या दशकातल्या महामंदीत हाताला काम नव्हतं, तेव्हा या गृहस्थाने वर्तमानपत्राच्या पानांवर कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजलं आणि त्या हिशेबाने सोंगट्या ठरवल्या. ई 12, क्यू आणि झेड एकेक, आणि एस मुद्दाम फक्त 4. बेकारीत लोक काय काय करतात!

नमुन्यादाखल ही सात अक्षरं घेऊ: सी, ओ, एम, पी, ए, वाय आणि मध्ये एन. पहिल्या मिनिटात पोनी, मेनी, कॅनोपी, कॅन्यन असे शब्द भराभर पडतात. मग सगळं थंड. अक्षरं हलवायचं बटण दाबून दाबून बोट दुखतं, पण डोळ्यांपुढे कॅन्यन आणि कॅन्यनच. एकदा दिसलेला शब्द पुढच्या शब्दाच्या वाटेत आडवा पडून राहतो. त्यात पोळ्यावर प्रत्येक अक्षर एकदाच छापलेलं असल्याने ते दोनदा वापरायचं डोक्यातच येत नाही. त्यामुळे दोन ओ आणि दोन एमचा ‘कॉमन’ सुटतो, दोन सी आणि तीन ओचा ‘कोकून’ सुटतो, आणि बिचारी ‘नॅनी’ तर कोणालाच आठवत नाही. सगळ्यात कहर म्हणजे पॅनग्रॅम आहे ‘कंपनी’! पगाराच्या चिठ्ठीपासून चहाच्या पुड्यापर्यंत दिवसातून पन्नासदा नजरेखालून जाणारा शब्द. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

तरीसुद्धा या खेळात आमच्यासारख्या मराठी माध्यमवाल्यांचं बरं चालतं, असं माझं ठाम मत आहे. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. त्याआधीच्या आम्हा मुलांना ते पाचवीत भेटलं आणि भेटलं तेही कानाने नव्हे, स्पेलिंगने. वेड-नेस-डे. टू-गेट-हर. लाय-यू-टेन-अँट. शब्द आधी अक्षरांची माळ म्हणून पाठ झाला, उच्चार कॉलेजात कळला, आणि काहींचा अजून कळायचाय. भाचीचं उलट. तिचा जन्म तिकडचा, शब्द आधी कानात आणि स्पेलिंग नंतर. एकदा अक्षरं होती त्यात ‘कर्नल’ बसत होता. तिला तो दिसेना, कारण ऐकू येणारा आर पोळ्यात नव्हताच! ताईने आणि मी मात्र तो क्षणात टिपला, कारण आमच्या वहीत तो जन्मभर ‘को-लो-नेल’च होता. एल दोनदा, ओ दोनदा, छडी एकदा.

घोकंपट्टीला नावं ठेवणाऱ्यांनी नायजेल रिचर्ड्सकडे बघावं. हा न्यूझीलंडचा माणूस. 2015 साली त्याने फ्रेंच भाषेतली स्क्रॅबलची जागतिक स्पर्धा जिंकली, आणि गडी फ्रेंच बोलतच नाही. सुमारे नऊ आठवड्यांत त्याने कोश पाठ केला, अर्थांच्या भानगडीत न पडता. 2024 मध्ये स्पॅनिशचंही तेच. ताई म्हणते, “हा आपल्याच शाळेतला, मागच्या बाकावरचा.”

आता हे सगळं यंत्राला दिलं तर निमिषात होतं. अक्षरं टाकली की त्यांतून होणारे सगळे शब्द काढून देणाऱ्या साइट्स ढिगाने आहेत. यंत्राची युक्तीही साधी: प्रत्येक शब्दाची अक्षरं अकारविल्हे लावून ठेवायची. मग स्टॉप, पोस्ट, स्पॉट, पॉट्स हे सगळे ओ-पी-एस-टी या एकाच खणात जाऊन पडतात आणि खण उघडला की सगळे हातात. ताईचा आणि माझा करार आहे की त्या वाटेला जायचं नाही. हवं तर एकमेकांना सुगावा द्यायचा, तोही “सीने सुरू, सहा अक्षरी” एवढाच. मी करार पाळतो. ताईबद्दल शंका आहे, कारण मागे एकदा तिने सकाळी सकाळी ‘पोम्पानो’ लिहून पाठवला. विचारलं तर म्हणे मासा असतो, फ्लोरिडाकडे मिळतो, आणि मला तो आधीपासून माहीत होता. असेल बुवा. कोकणातल्या आजोळी बांगड्याचे काटे काढून मागणारी ही बाई, हिला म्हणे पोम्पानो ठाऊक!